नादुरुस्त म्हणा

खैरनार सरांना सुमनबाई दोंदे पहिल्यांदा दिसल्या त्या सुबोधनगरच्या सभेत, आणि लक्षात राहिल्या त्या टाळ्या न वाजवल्यामुळे.

नाशिक रोड स्टेशनापासून सिन्नरच्या अंगाला सहा-सात किलोमीटर गेलं की रस्त्याच्या आत सरकारी घरकुलांच्या सहा इमारती लागतात. चार-चार मजल्यांच्या, एकेकाळी पिवळ्या असलेल्या. त्या वस्तीला सुबोधनगर म्हणतात. मधल्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता आणि माईकवर दिनेश बोलत होता. सगळं शहर त्याला दिनेशभाऊ म्हणतं, सरांना मात्र तो आठवी 'ब'मधला, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करणारा दिनेशच वाटे. आता तो विरोधी पक्षाचा शहरातला मोठा माणूस झाला होता.

"घरं दिली म्हणतात," दिनेश सांगत होता. "भिंतीला पाठ टेकवा, शर्टाला वाळू लागते. दवाखाना दिला म्हणतात. आठवड्यातनं दोन दिवस उघडतो. आजारपणानं काय वार बघून यायचं? बस दिली म्हणतात. बस फाट्यावरनंच परत फिरते, जणू काही आमच्या वस्तीला शिवायला लाजते! घर, दवाखाना, बस. तिन्ही कागदावर. आणि माणसं? माणसं मात्र इथं, खरीखुरी!"

मांडव दणाणला. सरांना अभिमान वाटला. वाक्यं छोटी ठेवावीत, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

चौतीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे सरांची नजर सवयीनं शेवटच्या बाकाकडे जाते. तिथे भिंतीशी साठी उलटलेल्या एक बाई बसल्या होत्या. अंगानं किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सभेत वाटलेलं पत्रक त्यांनी पुढून वाचलं, मग उलटून मागून पाहिलं. मागे काही नव्हतं. तरी त्या बराच वेळ मागची कोरी बाजूच बघत राहिल्या, आणि मग उठून त्यांनी ते पत्रक वाटणाऱ्या बाईच्या हातात परत ठेवलं.

"ठेवा तुमच्याकडं. मागून कोरं हाय."

"मागून कोरंच असतं, मावशी."

"आज हाय. उद्या कोण काय लिहील, सांगता येतं का?"

वाटणारी बाई हसली. सरही हसले. विक्षिप्त बाई, असं त्यांच्या मनात आलं.

सभा संपल्यावर दिनेश सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, एक काम आहे. पुढच्या सोमवारी मोर्चा नेतोय घरकुल योजनेच्या ऑफिसवर. निवेदन तुम्ही लिहून द्या. आमची पोरं लिहितात ते वाचून अधिकारी हसतात. तुमची भाषा, तुमचं अक्षर. आणि सह्या घ्यायला तुम्हीच फिरलात तर लोक नाही म्हणणार नाहीत."

निवृत्त माणसाला असं काही सांगितलं की तो विरघळतो. सरांनी त्या रात्री जेवण होताच बसून दीड पानाचं निवेदन लिहिलं. बसचं, दवाखान्याचं, घरांचं. घरांबद्दलचं वाक्य त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा मनासारखं केलं: "सदर इमारती राहण्यास अत्यंत धोकादायक झाल्या असून, येथील रहिवासी जीव मुठीत धरून दिवस काढत आहेत." स्वल्पविराम कुठे द्यावा यावरही त्यांनी विचार केला.

प्रत्येक इमारतीसाठी निवेदनाची एक प्रत आणि मागे सह्यांचे कागद, अशी सहा पुडकी झाली. सह्यांच्या कागदावर नाव, खोली नंबर, सही असे तीन रकाने आखले होते.

मोर्चाच्या आठवडाभर आधी, सोमवारी सकाळी सर फिरायला लागले. सोबत शकीला होती. ती चार नंबरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. नवरा मुझफ्फर रिक्षा चालवतो, आणि वस्तीतल्या कुठल्याही कामात ती पुढे असते. तीन इमारती दुपारपर्यंत झाल्या. लोक वाचत नव्हते. "दिनेशभाऊंचं ना? द्या," म्हणत होते. सरांना ते तेव्हा विश्वासाचं लक्षण वाटलं.

चार नंबरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, खोली नंबर दहापाशी शकीला थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सर, इथं राहू द्या. सुमनताई सही करणार नाहीत."

"का बरं?"

"त्या तिकडच्या आहेत." शकीलानं हनुवटीनं शहराच्या दिशेला खूण केली. "दर मंगळवारी योजनेच्या ऑफिसात जातात. नेमानं. कोणी काम असल्याशिवाय तिथं जातं का दर आठवड्याला? इथलं तिथं सांगत असतील. मी तर त्यांच्यासमोर बोलतच नाही, कसम से."

सरांनी तरीही कडी वाजवली. दार उघडलं तेव्हा साखळी लावलेलीच होती. फटीतून दोऱ्याचा चष्मा दिसला. सभेतल्या त्याच बाई.

"कशाबद्दल?"

"आपल्या इमारतीबद्दल निवेदन आहे, सुमनबाई," सर म्हणाले.

"आपल्या? तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

शकीला तोंडावर ओढणी धरून हसली. सरांना हसू आलं नाही.

"मी शिक्षक आहे. दिनेश माझा विद्यार्थी."

"बरं, मास्तर. वाचून दाखवा."

सरांनी जिन्यात उभं राहून निवेदन वाचलं. वाचताना आपला आवाज चांगला लागलाय हे त्यांना जाणवत होतं. वाचून झाल्यावर साखळी निघाली. बाईंनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवत स्वतः पुन्हा वाचला. बोट एका जागी थांबलं.

"हा शब्द कोणी घातला?"

"कोणता?"

"धोकादायक."

"मीच."

"का?"

"का म्हणजे? धोका आहे म्हणून. जिन्याचा स्लॅब पाहिलात ना? सळया दिसतात."

"पाहिला? मी रोज त्याच्याखालून पाणी आणते. धोका हाय ते मला ठावं. पण ठावं असणं निराळं आन् लिहिणं निराळं." त्यांनी कागद घडीवर घडी पाडत परत दिला. "नादुरुस्त म्हणा. मग सही करते."

"अहो, दोन्हींचा अर्थ..." सर सांगू लागले. शब्दांचे अर्थ सांगणं हा त्यांचा जन्माचा धंदा.

"तुमच्या पुस्तकात एक असंल," सुमनबाई म्हणाल्या, आणि दार लागलं.

खाली उतरताना शकीला म्हणाली, "बघितलं ना? एक शब्द काढला, बहाणा झाला. तिकडच्याच आहेत."

सरांनाही तसंच वाटलं. निवेदन सौम्य करा, असं कोण सांगतं? ज्याला ते सौम्य झालेलं हवं असतं तोच. संध्याकाळी त्यांनी दिनेशला फोन करून सांगितलं. दिनेश म्हणाला, "पेरलेली बाई आहे, सर. प्रत्येक वस्तीत एक असते. लक्ष देऊ नका."

पण वर्गात एखाद्या मुलानं उत्तर चुकीचं दिलं, आणि तरी ते उत्तर डोक्यात राहिलं, तर सरांना झोप येत नसे. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सर सकाळी उठून योजनेच्या ऑफिसात गेले. मोर्चाच्या दिवशी निवेदन कोणाच्या टेबलावर द्यायचं ते विचारून ठेवावं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण त्यांना माहीत होतं, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

सुमनबाई तिथे होत्याच. पण कुठल्या साहेबाच्या केबिनमध्ये नव्हत्या की कुठल्या कारकुनाशी बोलत नव्हत्या. बाहेरच्या पडवीत नोटिस बोर्डासमोर उभ्या होत्या आणि डाव्या कोपऱ्यातून सुरू करून एकेक कागद वाचत होत्या. जुने, पिवळे पडलेलेसुद्धा. जिथे दोन कागद एकावर एक टाचले होते तिथे वरचा उचलून खालचा वाचत होत्या. पाऊण तास. मग त्या बाकावर येऊन बसल्या, तेव्हा त्यांना सर दिसले.

"आलात का, मास्तर? माझ्या पाळतीवर?"

सरांचे कान तापले. त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं, पण जमलं नाही. "हो," ते म्हणाले.

सुमनबाईंना त्याचा राग आला नाही. उलट त्या थोड्या सैल झाल्या. "बरं केलंत. मी पण कोणाच्या पाळतीवर राहिले असते तर बरं झालं असतं." आणि बाकावर बसल्या बसल्या त्यांनी जे सांगितलं ते असं.

सुमनबाई मूळ सायखेड्याकडच्या. सातवी झाल्या आणि सोळाव्या वर्षी लग्न होऊन नाशिक रोडला आल्या. नवरा फकिरा एका सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता, पुढे त्याही तिथेच आया म्हणून लागल्या. एकतीस वर्षं काम केलं. दवाखान्यामागे कामगारांची चाळ होती, तिथे खोली. दोन मुली तिथेच वाढल्या, तिथूनच लग्न होऊन मनमाडला आणि कोपरगावला गेल्या.

"दवाखान्यात मी एक शिकले," सुमनबाई म्हणाल्या. "डॉक्टर चिठ्ठीवर काय लिहितो त्याच्यावर माणूस कुठं जाणार ते ठरतं. तोच पेशंट. त्याला 'अशक्त' लिहिलं की इथंच खाट मिळायची, सलाईन लागायचं. 'गंभीर' लिहिलं की मोठ्या दवाखान्यात हलवा. हलवायला गाडी नसायची. मग तो व्हरांड्यात. व्हरांड्यात किती गेले, मी माझ्या हातानं चादरी घातल्या. शब्द खरा होता हो. पेशंट गंभीरच होता. पण त्या शब्दानं त्याची खाट गेली."

"मग आमच्या चाळीचा जिना तडकला. कोणी तरी चांगल्या मनाच्या माणसानं अर्ज लिहिला, आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. तुमच्यासारखंच लिहिलं होतं. धोकादायक. महिन्याभरात उत्तर आलं. धोकादायक ना? मग रिकामी करा. तुम्हीच लिहिलंय. आधी या असल्या बोर्डावर कागद लागला, आम्हाला कोणी सांगितलं नाय. चाळीला चिकटवला तेव्हा चार दिवस राहिले होते. पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलं, पर्यायी व्यवस्था म्हणून. सहा महिने म्हणाले, चार वर्षं राहिलो. तिथनं दवाखाना बारा किलोमीटर. यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा बसची वाट बघत बसलो. त्याच दवाखान्यात जायचं होतं, जिथं एवढी वर्षं हे स्ट्रेचर ढकलत होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "असो. मग ही खोली मिळाली. पण नुसती ताबा पावती. वाटपपत्र नाय. खोली माझी हाय असं कुठल्या कागदावर नाय लिहिलेलं. मी राहते म्हणून माझी. एकदा बाहेर काढलं की परत कशाच्या जोरावर येऊ?"

त्यांच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट होतं. त्यात त्यांचे सगळे कागद असतात. त्यांनी त्यातून जुन्या चाळीची ती नोटिस काढून दाखवली. तिच्यात एक ओळ होती: "रहिवाशांनी अर्जात नमूद केल्याप्रमाणे इमारत धोकादायक असल्याने..."

"धोकादायक असली तर पाडतात," सुमनबाई म्हणाल्या. "नादुरुस्त असली तर दुरुस्त करतात. नाय केली तरी निदान काढत तरी नाय. हे तुमच्या शाळेत शिकवत नसतील."

सर तिथून तडक दिनेशच्या कार्यालयात गेले. बाहेर गर्दी होती, पण सर आलेत म्हटल्यावर त्यांना लगेच आत घेतलं गेलं. दिनेशनं सगळं ऐकून घेतलं. तो नेहमी ऐकून घेतो, हे त्याचं खरंच चांगलं आहे.

"सर, मुद्दा समजला. पण नादुरुस्त म्हणजे काय हो? नळ नादुरुस्त असतो. नळासाठी कोणी मोर्चा काढतं का? पेपरवाले विचारतील, भाऊ, काय बिघडलंय, वॉशर?"

"पण नोटिस आली तर?"

"येऊ दे ना! आली तर ते उघडे पडतील. गरिबांना बेघर करणारं सरकार. मी सोडेन का त्यांना?" मग त्यानं सरांचा हात हातात घेतला. "सर, तुम्ही काळजी करू नका. आधी दणका बसू दे. मोर्चा झाला की शब्द बदलून सुधारित निवेदन देऊ. मी बघतो ना."

'मी बघतो' या दोन शब्दांत काय असतं, हे सरांना त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं. पण आठवीतला दिनेश गृहपाठ झाला नसला की असाच त्यांच्या डोळ्यांत सरळ बघत असे, तेवढं त्यांना आठवलं. त्याचं बोलणं खोटं होतं असं नाही. बसही येत नव्हती, दवाखानाही बंद असायचा, स्लॅबही पडायला आला होता. दिनेश जे बोलत होता त्यातलं सगळं खरं होतं. फक्त ते खरं बोलून झाल्यावर पुढे काय होणार, याची त्याला घाई नव्हती.

सरांनी दोन गोष्टी केल्या. एक केली नाही.

पहिली म्हणजे त्यांनी चार नंबरच्या इमारतीचं पुडकं काढून घेतलं. दुसरी म्हणजे त्या इमारतीसाठी वेगळं निवेदन लिहिलं. "इमारत क्रमांक चारचा जिना, गच्ची व भिंती नादुरुस्त असून रहिवासी येथे राहत असतानाच त्यांची दुरुस्ती करावी." 'राहत असतानाच' हे शब्द सुमनबाईंनी सांगितले. सरांनी ते वाक्यात बसवले आणि बसवताना त्यांना जाणवलं, की आपण आयुष्यात लिहिलेल्या वाक्यांत हे बहुधा सर्वांत कामाचं वाक्य आहे.

सह्या घेणं सोपं गेलं नाही. शकीला भडकली. "म्हणजे आम्ही मोर्चात नाही? सगळी वस्ती एकीकडे आणि आम्ही एकीकडे? लोक म्हणतील चार नंबरवाले फुटले!"

"मोर्चात ये ना तू," सुमनबाई म्हणाल्या. "घोषणा दे. घसा बसेपर्यंत दे. बोललेलं हवेत जातं. लिहिलेलं फायलीत जातं."

"तुम्हाला त्यांनी काय सांगितलंय, सुमनताई? खरं सांगा. तुमचं वाटपपत्र काढून देणार आहेत ना?"

"काढून दिलं असतं तर मी आज बोर्ड वाचत बसले असते का, बाई?"

शकीलाचा संशय गेला नाही. सही मात्र तिनं केली, मुझफ्फरच्या सांगण्यावरून. तो रिक्षा धूत होता, तिथूनच म्हणाला, "कर दे यार. दोन्ही कागद सरकारलाच जाणार. एकात कमी लिहिलंय म्हणून काय बिघडतंय?"

सुमनबाईंनी सगळ्यांत शेवटी सही केली. त्याआधी सरांना सह्यांच्या प्रत्येक कागदावर वर विषय लिहायला लावला. मग शेवटच्या सहीखाली पट्टी ठेवून आडवी रेघ मारली आणि रेघेखाली "एकूण सोळा" असं लिहिलं. वॉर्डच्या रजिस्टरमध्ये रोज संध्याकाळी अशीच रेघ मारायची असते म्हणाल्या, म्हणजे रात्री कोणी जादा नाव घुसवत नाही. सरांनी चौतीस वर्षांत हजेरीपटावर अशी रेघ कधी मारली नव्हती.

शुक्रवारी दोघं जाऊन ते निवेदन देऊन आले. पोच म्हणून प्रतीवर शिक्का घेतला. सुमनबाईंनी शिक्क्याची तारीख वाचून बघितली.

जी गोष्ट सरांनी केली नाही ती ही: बाकीच्या पाच इमारतींत जाऊन त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सुमनबाई गेल्या होत्या. दोन नंबरमध्ये त्यांना कोणी आत घेतलं नाही. "कितीला विकल्या गेलात, मावशी?" असंही एकानं विचारलं. सर गेले असते तर कदाचित ऐकलं असतं. पण दिनेशनं शब्द बदलायचं कबूल केलं होतं, आणि विद्यार्थ्यावर उघड अविश्वास दाखवणं सरांच्या जिवावर आलं. घरी बसून त्यांनी स्वतःला समजावलं की सोमवारपर्यंत थांबू.

मोर्चा जोरात झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि मथळ्यात तोच शब्द होता. सुधारित निवेदनाबद्दल सरांनी दोनदा फोन केला. एकदा दिनेश बैठकीत होता, एकदा प्रवासात.

एकोणिसाव्या दिवशी मुझफ्फर रिक्षा घेऊन सरांच्या दारात आला. त्यानं मोबाइल पुढे केला. "सर, हे वाचा. सकाळी पाच इमारतींवर लावलंय. आता आमच्याकडे येतायत."

नोटिशीचा फोटो होता. सरांनी बोटांनी मोठा केला. "...रहिवाशांनी निवेदनात स्वतः नमूद केल्याप्रमाणे, सदर इमारती राहण्यास अत्यंत धोकादायक झाल्या असून, येथील रहिवासी जीव मुठीत धरून दिवस काढत आहेत. सबब पंधरा दिवसांत..." त्यांचं वाक्य जसंच्या तसं होतं. स्वल्पविरामही जागच्या जागी.

सर पायांत चपला सरकवून रिक्षात बसले.

ते पोचले तेव्हा चार नंबरच्या जिन्यात खळीचा डबा घेऊन एक माणूस उभा होता आणि त्याच्यापुढे दोन पायऱ्या वर सुमनबाई.

"मावशी, सहा इमारतींना लावायचंय."

"सहा कुठं लिहिलंय? दाखवा."

"वरून सांगितलंय."

"वरून कोणी? आमच्या वर शकीला राहते. तिनं नाय सांगितलं."

जिन्यात हशा पिकला. वरच्या कठड्यावरून शकीला ओरडली, "मी नाही सांगितलं!"

सुमनबाईंनी एक्स-रेच्या पाकिटातून शिक्का मारलेली प्रत काढली. "वाचा. चार नंबर. नादुरुस्त. आम्ही धोकादायक लिहिलेलं नाय. तुमच्या कागदात काय लिहिलंय? 'रहिवाशांनी स्वतः नमूद केल्याप्रमाणे'. आम्ही नाय केलं नमूद. मग लावता कसं?"

तो माणूस खालच्या दर्जाचा कर्मचारी होता, दिवसभर नोटिसा लावून वैतागलेला. त्यानं फोन लावला, बराच वेळ "हो सर, हो सर" केलं, एकदा प्रतीवरची तारीख वाचून दाखवली. मग कुंचा डब्यात टाकून म्हणाला, "चार नंबरचं नंतर बघू म्हणतायत." आणि गेला.

खैरनार सर जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे होते. सुमनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचंच वाक्य हाय ना ते, मास्तर? बाकीच्या पाचांवर?"

"हो."

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नाही, हे सरांना आजही ठरवता आलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात दिनेशनं पुन्हा सभा घेतली. या वेळी त्याच्या हातात नोटिस होती. "बघा! घर मागितलं, तर घराबाहेर काढतात! हेच यांचं गरिबांचं धोरण!" मांडव आधीपेक्षाही जास्त दणाणला. दिनेशनं वकीलही दिला आणि दोन इमारतींना कोर्टातून स्थगिती मिळवून दिली, हेही खरं. बाकीच्या तीन इमारती रिकाम्या झाल्या.

सभेनंतर सरांनी त्याला गाठलं. "दिनेश, तो शब्द माझा होता. मी तुला बदलायला सांगितलं होतं."

"सर, तुमचा शब्द होता म्हणूनच तर एवढं रान पेटलं," दिनेश म्हणाला आणि त्यानं वाकून नमस्कार केला. त्याच्या डोळ्यांत खरोखर आदर होता. सरांना त्या आदराचीच भीती वाटली. त्यानंतर दिनेशसाठी त्यांनी काही लिहिलेलं नाही. त्यानंही मागितलेलं नाही.

चार नंबरच्या इमारतीची दुरुस्ती झाली म्हणावी तर अर्धवट झाली. जिन्याला लोखंडी टेकू लावले, सळयांवर गिलावा मारला. गच्ची तशीच गळते. त्यासाठी सुमनबाईंनी दुसरं निवेदन सरांकडून लिहून घेतलं, पण मसुदा आधी स्वतः सांगितला आणि लिहून झाल्यावर दोनदा वाचला.

"अजून विश्वास नाही ना माझ्यावर?" सरांनी विचारलं.

"तुमच्यावर हाय. तुमच्या अक्षरावर नाय. लय सुंदर हाय. कोणालापण पटतं."

शकीला आता असं म्हणते की सुमनताई तिकडच्या नव्हत्याच, मला पहिल्यापासून माहीत होतं. सुमनबाई मात्र शकीला काही कागद घेऊन आली तर तो आधी उजेडात धरून बघतात.

रिकाम्या झालेल्या इमारतींतली कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. तिथून शहरात यायला दिवसातून दोनच बस आहेत. सुमनबाईंना ज्या दोन नंबरच्या इमारतीत कोणी आत घेतलं नव्हतं, तिथली फलक ही मुलगी बारावीला आहे, आणि सकाळची बस तिच्या कॉलेजच्या वेळेत पोचत नाही. गेल्या जूनपासून फलक सुमनबाईंच्या खोलीत राहते.